प्यूजो २०५ जीटीआय १.६: सात वर्षं तिच्याखाली आडवी पडल्यानंतर

आधी मागची चाकं बघा. ही गाडी घ्यायला गेलेला जवळजवळ प्रत्येक जण बॉनेट उघडून इंजिनाकडे बघत उभा राहतो. मीही तेच केलं होतं. गाडी सपाट जागेवर लावा, दहा-बारा पावलं मागे जा आणि उकिडवं बसून दोन्ही चाकं एकाच नजरेत घ्या. चाकांचा वरचा भाग आत कललेला दिसला तर मागच्या अ‍ॅक्सलमधली बेअरिंग संपलेली आहेत असं समजा. मग इंजिन कितीही गोड चालत असलं तरी पहिलं काम तेच, आणि ते काम छोटं नाही.

मला हे गाडी घरी आणल्यावर कळलं. माझी २०५ जीटीआय १९८९ ची, १.६ लिटरची. घेतली तेव्हा छपरावरचा आणि बॉनेटवरचा लाल रंग गुलाबी पडला होता, बंपर आणि चाकांभोवतीचं काळं प्लास्टिक राखाडी झालं होतं. आतला तो प्रसिद्ध लाल गालिचा मात्र पायाखालची जागा सोडली तर अजून टवटवीत होता. खरं सांगायचं तर मी त्या गालिच्यासाठीच हो म्हणाले. चालवून बघितली तेव्हा गाडी दमलेली वाटली. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना एक उचकी, गिअरचा दांडा हलणाऱ्या दातासारखा सैल, आणि खड्ड्यातून गेलं की मागून लाकडी पेटी आपटल्यासारखा आवाज. ओळखीच्या सगळ्यांचं एकमत झालं: इंजिन गेलंय, उतरवा.

माझा थोरला भाऊ वेल्डिंगची कामं करतो. तो एकटाच वेगळं बोलला. "अगं, तू फिजिओथेरपिस्ट ना? न तपासता थेट ऑपरेशन कुठून आलं?" त्याने कॉम्प्रेशन गेज आणला, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र. चारही सिलिंडर १२.२ ते १२.६ बारच्या मध्ये, एकमेकांच्या अगदी जवळ. दादा गेज पुसत म्हणाला, "हिच्या इंजिनाला हात लावायचा नाही. बाकीचं शोध."

दिवसभर मी लोकांचे गुडघे आणि कंबर बघते. दुखतं गुडघ्यात आणि मूळ निघतं खुब्यात, हे मी आठवड्यातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला समजावून सांगते. पुढची सात वर्षं मी या गाडीत तेच करत आले आहे आणि या परीक्षणात मला मुख्यतः तेच सांगायचं आहे. जुन्या हॉट हॅचबॅकमध्ये, म्हणजे छोट्या पण जोरदार इंजिनाच्या गाडीत, जे दमलेलं असतं ते बहुतेक वेळा इंजिन नसतं. रबर, बेअरिंग आणि वायरींची टोकं दमलेली असतात. ती बदलली की जी गाडी बाहेर येते तिच्याबद्दल लोक एवढं का बोलतात ते कळतं.

मॉडेलबद्दल थोडक्यात. २०५ आली १९८३ मध्ये, तिची जीटीआय १९८४ मध्ये, १.६ लिटर आणि १०५ हॉर्सपॉवर घेऊन. १९८६ मध्ये ते ११५ झाले आणि त्याच वर्षाच्या शेवटाकडे १३० हॉर्सपॉवरची १.९ आली. दोन्हींच्या सिलिंडरचा व्यास सारखाच, ८३ मिलिमीटर. फरक पिस्टनच्या फेरीत आहे, १.६ मध्ये ७३ मिलिमीटर आणि १.९ मध्ये ८८. म्हणून १.९ खालूनच जोर लावते आणि १.६ ला फिरायला आवडतं. माझ्या गाडीचं इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या पुढे गेलं की तिचा आवाज मोकळा होतो आणि पूर्ण ताकद ६,२५० ला मिळते. १.९ ला मागेही डिस्क ब्रेक आणि १५ इंची चाकं, १.६ ला मागे ड्रम आणि १४ इंची. बाजारात मान १.९ ला जास्त आहे. मी दोन्ही चालवल्या आहेत आणि आजही १.६ च घेईन, कारण इथे गिअर बदलत राहावं लागतं आणि मला ते काम हवं असतं. १९८५ आणि १९८६ ची जागतिक रॅली अजिंक्यपदं जिंकलेली २०५ टर्बो १६ वेगळीच होती, इंजिन सीटच्या मागे आणि चारही चाकांना ताकद. तिचा आणि माझ्या गाडीचा संबंध चेहऱ्यापुरता.

तर ती उचकी. इंजिनाच्या मागे, खालच्या बाजूला इंजिनाला धरून ठेवणारं एक माउंट आहे. उजव्या बाजूच्या लांब ड्राइव्ह शाफ्टचं मधलं बेअरिंगही त्याच ब्रॅकेटमध्ये बसतं. त्यातलं रबर फाटलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबताना इंजिन एका बाजूला डोलतं आणि सोडल्यावर परत येतं. आपल्याला ते इंजिनाचा अशक्तपणा वाटतो. माझ्या माउंटमधलं रबर इतकं गेलं होतं की धातू धातूला टेकत होता. नवं बसवल्यावर पहिल्याच वळणावर मला गाडी बदलल्यासारखी वाटली. गिअरचा सैलपणा तर त्याहून सोपा निघाला. गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या टोकांना प्लास्टिकच्या वाट्या असतात, त्या छोट्या गोळ्यांवर बसतात आणि झिजतात. सगळ्या बदलायला एक दुपार लागली. आता दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा मधली जागा स्वतःच शोधतो. या गाडीवर करायच्या कामांमध्ये कष्टाच्या मानाने सर्वांत जास्त आनंद देणारं काम हेच.

अर्थिंगबद्दलही, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनाला जोडणाऱ्या वायरीबद्दल, आग्रहाने सांगते. स्टार्टर ओढून ओढून फिरत होता आणि आधीच्या मालकाने त्यावर उपाय म्हणून एकामागून एक बॅटऱ्या बदलल्या होत्या. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं. मीटरने १.१ व्होल्ट दाखवले. एवढा दाब त्या एका वायरीच्या गंजलेल्या टोकावर वाया जात होता. टोक काढलं, खालचा रंग आणि गंज धातू चमकेपर्यंत घासला, नवी वेणीची पट्टी लावली. ०.१ व्होल्ट. बॅटरी तीच, स्टार्टर तोच, आणि इंजिन पहिल्या फेरीत सुरू.

आता अ‍ॅक्सल. हे नीट सांगते, कारण गाडीचा जीव इथे आहे.

मागचं प्रत्येक चाक एका आडव्या हातावर बसलेलं असतं, त्याला ट्रेलिंग आर्म म्हणतात. त्या हाताचा शाफ्ट आडव्या नळीत शिरतो आणि नीडल बेअरिंगवर वळतो. उभी स्प्रिंग नाहीच. स्प्रिंगचं काम पोलादी टॉर्शन बार करतो, चाक वर आलं की तो पिळला जातो. शॉकअप जवळजवळ आडवे झोपलेले. या मांडणीमुळे डिकीत दोन्ही बाजूंनी उंचवटे येत नाहीत आणि एवढ्याशा गाडीत इतकं सामान मावतं. मला ही रचना मनापासून सुंदर वाटते. पण शाफ्टच्या तोंडाशी असलेलं सील वयाने कडक होतं, पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि बेअरिंगच्या त्या बारीक सुया गंजतात. गंजलेल्या सुया शाफ्टला खात जातात, हात कलतो, आणि मग तुम्हाला मागून ती कललेली चाकं दिसतात. तोवर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यात पोचायला लागलेला असतो, कारण हात फिरतच नाही, अडतो.

अ‍ॅक्सल खाली घ्यायला चार माउंट, ब्रेकचे पाइप आणि हँडब्रेकच्या केबल सोडाव्या लागतात. ते एका दिवसात झालं. डावा टॉर्शन बार निघायला मात्र नऊ संध्याकाळी गेल्या. दातऱ्यांमध्ये तो असा जाम झाला होता की सरकत्या वजनाच्या पुलरने ठोकूनही केसभर हलेना. रोज कामावरून आल्यावर गंज सोडवायचं तेल मारायचं, दहा-बारा ठोके, आणि झाकून ठेवायचं. नळीला बाहेरून ऊब दिली, बारला आगीजवळही नेलं नाही, कारण तो स्प्रिंगचा पोलाद असतो आणि तापवला की त्याचं पाणी जातं. नवव्या संध्याकाळी ठोक्याचा आवाज बदलला. आधी बद्द असायचा, तो एकदम टणक झाला. दादा दारातूनच ओरडला, "सुटला!" त्यानंतर दोन मिनिटांत बार माझ्या हातात होता.

काढण्याआधी प्रत्येक बारवर खूण करा, डावा-उजवा आणि दोन्ही टोकांची जागा. इतकी वर्षं एका दिशेने पिळ घेतलेला बार दुसऱ्या बाजूला घालायचा नसतो. आणि बारच्या दोन टोकांना दातऱ्यांची संख्या वेगवेगळी असते, त्यामुळे दोन्ही टोकं थोडी थोडी फिरवून गाडीची उंची फार बारकाईने जमवता येते. बसवताना शॉकअपच्या जागी ठरलेल्या लांबीची पट्टी लावून हात त्या कोनात धरून ठेवायचा. आम्ही ती पट्टी घरीच केली, दोन लोखंडी पट्ट्या, मापाने पाडलेली भोकं, आणि लांबी जुळवायला मधे एक लांब बोल्ट. शाफ्टवर पडलेले चर नखाला लागत होते, म्हणून शाफ्ट नवे घातले. ते हायड्रॉलिक प्रेसशिवाय बसत नाहीत, तेवढं काम बाहेरून करून घ्या. बेअरिंग नळीत किती खोल जातं तेही मोजून घ्या. नवं सील बसवताना त्याची ओठासारखी कडा उलटी वळली तर सगळं काम पुन्हा.

जोडून झाल्यावर पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा मी रेडिओ बंद ठेवून नुसतं ऐकत होते. मागून काहीच आवाज नाही. खड्डा आला, चाक वर गेलं, खाली आलं, आणि तो विषय तिथेच संपला. फ्रोझन शोल्डरचा पेशंट तीन महिन्यांनी पहिल्यांदा हात डोक्यावर नेतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मला रोज बघायला मिळतं. त्या दिवशी ते माझ्याकडे होतं.

एक वाईट अनुभवही सांगायला हवा. पुढच्या खालच्या आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, बदलायचे होते आणि त्या महिन्यात माझ्याकडे वेळ नव्हता, म्हणून काम एका गॅरेजला दिलं. पाच महिन्यांत रबर फाटलं. वस्तू चांगली होती. चूक बसवण्यात होती. गाडी लिफ्टवर असताना, चाकं हवेत लोंबकळत असताना, त्यांनी बोल्ट पूर्ण आवळले होते. अशा बुशमध्ये रबर बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. हवेत आवळलं की गाडी खाली येताच ते कायमचं पिळलेलं राहतं आणि प्रत्येक हेलकाव्याला आणखी ताणलं जातं. बोल्ट सैल ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, दोनदा दाबून बसू द्या, आणि मग टॉर्क पान्याने शेवटचा ताण द्या. एवढं एक वाक्य त्या गॅरेजमध्ये कुणाला माहीत असतं तर माझे दोन रविवार वाचले असते. मधे पॉलियुरेथेनचे बुशही घालून पाहिले. स्टिअरिंग थोडं नेमकं झालं, पण कुरकुर सुरू झाली आणि खडबडीत रस्त्यावर पुढचा भाग दात खात चालल्यासारखा वाटायला लागला. काढून पुन्हा रबर घातलं. ट्रॅकवर चालवत नसाल तर माझं मत रबरालाच.

इंजिनाला हात लावायचा नाही म्हणजे दुर्लक्ष करायचं असं नाही. गरम झाल्यावर थांबलं की हिचा आयडल, म्हणजे पाय न लावता इंजिन फिरण्याचा वेग, वरखाली व्हायचा, मिनिटाला ९०० फेऱ्यांवरून १,४०० आणि परत. १.६ मध्ये बॉशची एल-जेट्रॉनिक प्रणाली आहे. आत येणारी हवा मोजायच्या मीटरमधल्या एका झडपेला ती हवा ढकलते, झडप किती उघडली त्यावरून इंधन ठरतं. मीटरच्या पुढे कुठल्याही रबरी पाइपला चीर गेली की न मोजलेली हवा आत घुसते आणि हिशोब बिघडतो. ब्रीदरच्या पाइपला खालच्या बाजूने चीर होती, वरून बघून कधीच दिसली नसती. धूर सोडून तपासल्यावर त्या जागेतून पांढरी रेघ निघाली. तरी थोडी अडखळण उरली, ती मीटरच्या आतली होती. झडपेला जोडलेली पट्टी एका कार्बनच्या मार्गावर सरकत असते आणि जिथे गाडी जास्त वेळ चालते तिथेच तो मार्ग झिजतो. वरचं झाकण उघडून आतली पाटी अगदी किंचित सरकवली, पट्टीला नवी जागा मिळाली. हे काम चांगल्या उजेडात करा आणि आधीची जागा टोकदार पेन्सिलीने आखून ठेवा.

टायमिंग बेल्ट किलोमीटरवर नाही, वर्षांवर बदला. अशा गाड्या वर्षाला फार चालत नाहीत आणि बेल्ट उभ्या गाडीतही म्हातारा होतो. क्रँक आणि कॅमच्या पुल्यांना खुंटी घालून टायमिंग पक्कं धरायची सोय आहे, ड्रिल बिटची मागची गोल बाजू त्या भोकात चालते. बसवल्यावर हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुंट्या पुन्हा जातात का ते बघा. आणि कधी हेड, म्हणजे सिलिंडरवरचा इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागलंच तर लक्षात ठेवा, या इंजिनात वेट लायनर आहेत, म्हणजे सिलिंडरच्या नळ्या ब्लॉकमध्ये वेगळ्या बसतात आणि त्यांच्या बाहेरून कूलंट फिरतं. हेड निघाल्यावर त्या जागच्या हलल्या तर खालची सीलं जातात आणि कूलंट ऑइलमध्ये उतरतं. हेड काढताच लायनर क्लॅम्पने दाबून ठेवायचे आणि तोवर क्रँक फिरवायचा नाही. कूलंट आणि ब्रेक ऑइल मी दर दोन वर्षांनी बदलते, कॅलेंडर बघून.

पत्र्याच्या बाबतीत नशीब बरं होतं. दरवाजाखालच्या पट्टीत हाताच्या पंजाएवढा तुकडा आणि डिकीच्या तळाशी दोन भोकं. दादाने कापून नवा पत्रा जोडला, मी प्रायमर आणि आतून मेण मारलं. राखाडी झालेल्या प्लास्टिकवर हॉट एअर गन फिरवली तर ते काळं दिसतं, पण थोडेच महिने. कायमचं हवं असेल तर साफ करून त्यासाठीचा रंगच द्या.

चालवायला कशी आहे? वजन नऊशे किलोच्या आसपास, माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, पार्किंगला दंड भरून येतात. वेग धरला की तेच स्टिअरिंग रस्त्याची बारीकसारीक बातमी हातात आणून देतं. खांब बारीक, काचा मोठ्या, चारही कोपरे कुठे आहेत ते कळतं. एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या. वळणाच्या मधोमध घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला तर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर निघतं. अ‍ॅक्सल झिजलेला असताना हे कधी होईल याचा भरवसा नव्हता. आता ते हळूहळू, आधी कळवून होतं, आणि तरीही मी वेग वळणाआधीच कमी करते. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी खोल असली तरी दहा वर्षांचे कडक टायर या गाडीला लावू नका. १.६ चं माप १८५/६० आर १४.

कुणी घ्यावी? ज्याच्याकडे छप्पर असलेली जागा आहे, रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे आणि एका टॉर्शन बारवर नऊ संध्याकाळी घालवायची तयारी आहे, त्याने जरूर. घेतल्यावर मोठी चाकं, एक्झॉस्ट, ताकद वाढवायच्या वस्तू यांत पहिलं वर्ष घालवू नका. आधी अ‍ॅक्सल, माउंट, बुश, अर्थ, पाइप. ११५ हॉर्सपॉवर पुरतात, ते रस्त्यापर्यंत पोचले पाहिजेत.

माझ्या गाडीत सध्या एकच गोष्ट राहिली आहे. धुतल्यावर डिकीच्या डाव्या कोपऱ्यात चमचाभर पाणी सापडतं. दिव्याचं सील बदललं, तरी येतंच. येत्या रविवारी कडेने खडूची पावडर भुरभुरून मी आत टॉर्च घेऊन बसणार आहे आणि दादा बाहेरून नळी धरणार आहे, खालून वर, एका वेळी वीतभर. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होईल तिथे पेन्सिलीने खूण करायची, एवढंच त्या दिवसाचं काम.